पांढऱ्या ठिपक्यांचे औषध आणि साडेअकराशे रुपये

गेल्या डिसेंबरात सांगलीतल्या एका दुकानदाराने माशांच्या रोगावरचे औषध म्हणून मला दोन बाटल्या विकल्या आणि त्या बाटल्या संपेपर्यंत माझ्या चौदा माशांपैकी अकरा मासे मेले. माझ्याजवळ पावती नाही, म्हणून दुकानाचे नाव मी येथे देत नाही. परंतु ही फसवणूक ज्या पद्धतीने साधली गेली ती कोणत्याही गावात सहज साधता येण्यासारखी असल्यामुळे ती तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या टँकमध्ये मॉली आणि टेट्रा होते. नोव्हेंबरअखेरीस त्याच दुकानातून दोन एंजल आणले आणि त्याच संध्याकाळी थेट टँकमध्ये सोडले. हीटर नव्हता, आणि थंडी वाढली तसे पहाटे पाण्याचे तापमान 21 अंशांपर्यंत उतरू लागले. आठवड्याभरात एंजल खडीला अंग घासू लागले, पर मिटून कोपऱ्यात थांबू लागले, आणि एका सकाळी त्यांच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मोबाइलमधला फोटो पाहताच दुकानदार म्हणाला, "काका, थंडीत हे होतंयच की. हे सिंगापूरचं औषध आहे, रोज पाच थेंब टाका. चार दिवसांत ठिपके गळले नाहीत तर पैसे परत घेऊन जावा." मी 450 रुपये दिले. चौथ्या दिवशी ठिपके खरोखरच नाहीसे झाले आणि मी त्याला फोन करून आभार मानले.

ठिपके औषधाने गेले नव्हते. या रोगाचा परजीवी हा एकाच पेशीचा जीव असून त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस आहे. 1876 साली फूके यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ साधारणपणे 'पुष्कळ लेकरांची, माशांवरची ऊ' असा होतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून पोसला जाणारा हा जीव. पूर्ण वाढ झाली की तो आपण होऊन माशावरून सुटतो, तळाच्या खडीवर जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन त्याची शेकडो पिल्ले तयार होतात. ही पिल्ले कवच फोडून पाण्यात पोहू लागतात आणि एकदोन दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर मरतात. मासा सापडला तर पुन्हा ठिपके, आणि या वेळी अनेक पटींनी जास्त. कातडीखाली किंवा कवचात असताना औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते लागू पडते फक्त पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणजे "चार दिवसांत ठिपके गळतील" हे आश्वासन साध्या पाण्याच्या बाटलीबरोबरही देता येते आणि ते बहुधा खरेही ठरते. रोगाची ही चाल ज्याला ठाऊक आहे त्याला गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवण्यासाठी वेगळे काहीच करावे लागत नाही, आणि त्या दुकानदाराला ती ठाऊक होती असे माझे स्पष्ट मत आहे.

सहाव्या दिवशी सगळ्या माशांवर ठिपके उमटले. काही मॉली पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होत्या, कारण परजीवी कल्ल्यांतही शिरतो. दुकानदाराने "रोग जुना झाला, आता कडक डोस लागतोय" असे सांगून 700 रुपयांची दुसरी बाटली दिली. ती मी दोन्ही वेळा टाकत राहिलो आणि रोज सकाळी जाळीने मेलेले मासे काढत राहिलो.

शंका आली ती रुमालामुळे. दुसऱ्या बाटलीतले निळे औषध रुमालावर सांडले आणि नळाखाली धरताच डाग पूर्ण गेला. माशांच्या औषधांत असणारे खरे निळे रसायन, मेथिलीन ब्लू, बोटांना, कापडाला, टँकच्या सिलिकॉनला लागले की सहजासहजी निघत नाही. मग मी लेबल भिजवून सोलले, तेव्हा खाली काचेत उठवलेल्या मापाच्या रेघा दिसल्या. झाकणाला खोकल्याच्या औषधाचा गोड वास होता. बाटलीवर घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, छापील किंमत यांपैकी काहीच नव्हते. हे मी पहिल्या दिवशीच पाहायला हवे होते. जाब विचारल्यावर "तुम्ही पाणी नीट बदललं नसणार" एवढेच उत्तर मिळाले. पावती असती तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार मांडता आली असती.

उरलेले तीन मासे जगले ते हीटर आणि खडेमिठामुळे. टँक 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 38 उंच, म्हणजे हिशेबाने 68 लिटरचा; खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 60 लिटर धरले आणि लिटरला 2 ग्रॅमप्रमाणे 120 ग्रॅम आयोडीन नसलेले मीठ विरघळवून दोन दिवसांत थोडेथोडे टाकले. तापमान काही तासांना एक अंश अशा गतीने 30 अंशांपर्यंत नेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवला. दर दिवसाआड खडीवरून सायफन फिरवून पाव टँक पाणी काढले आणि क्लोरीन घालवलेले पाणी भरताना फक्त तेवढ्याच पाण्याचे मीठ घातले. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही हे सर्व दहा दिवस चालू ठेवले, कारण खडीत काय शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ज्यांच्याकडे लोच किंवा खवले नसलेले इतर मासे आहेत त्यांनी मॅलाकाइट ग्रीन या हिरव्या रसायनाची खरी औषधेही फार जपून वापरावीत, आणि कोणतेही औषध टाकण्यापूर्वी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो ते शोषून घेतो.

फेब्रुवारीत मी दुसऱ्या दुकानातून, पावती घेऊन, चार टेट्रा आणले आणि तीन आठवड्यांसाठी मागच्या गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवले. नवव्या दिवशी एकाच्या परावर एक ठिपका दिसला. त्या टबात तळाला खडी नव्हती आणि हीटर आधीच लावलेला होता; त्याच संध्याकाळी मीठ मोजून घातले.