एटीव्हीचे डिफरन्शियल आणि मागचा ब्रेक: सातारा एमआयडीसीतील एका वर्कशॉपचा अनुभव

बामणोलीजवळ शिवसागर जलाशयाच्या काठी आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. डांबरी रस्ता संपतो तेथून खालच्या तंबूंपर्यंत पाण्याचे जार, गॅसच्या टाक्या आणि पाहुण्यांच्या बॅगा नेण्यासाठी आम्ही पाच वर्षांपूर्वी चारही चाके ओढणारी एक जुनी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी, मोटरसायकलसारख्या हँडलची चारचाकी, विकत घेतली. गेल्या पावसाळ्यात तिच्या मागच्या ब्रेकने त्रास द्यायला सुरुवात केली. जवळच्या एका गॅरेजने दोनदा ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कला दाबून धरणारे घर्षणाचे ठोकळे, बदलून दिले आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत उतारावर ब्रेक लागेनासा झाला. त्यातच ब्रेक दाबताच मागून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा दसरा होताच गाडी टेंपोत चढवली आणि कास, यवतेश्वर घाट उतरून साताऱ्याला आणली. आमची ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदलेली नसल्यामुळे प्रत्येक दुरुस्तीच्या खर्चात टेंपोचे जाण्यायेण्याचे भाडे धरावेच लागते.

हे वर्कशॉप मुळात ट्रॅक्टर आणि जीपच्या कामाचे आहे. तेथील मिस्त्रींनी एटीव्हीचे काम त्याआधी दोन-तीनदाच केले होते आणि ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले. त्यांनी सर्वप्रथम ब्रेकला हात लावला नाही. गाडी जॅकवर घेऊन त्यांनी डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा, तळाचा बोल्ट काढला, खाली पत्र्याचा ट्रे सरकवला आणि मला जवळ बोलावले. बाहेर आले ते तपकिरी गिअर ऑइल नव्हते. पांढरट, दाट, किंचित फेसाळ असे काहीतरी होते. “पाव्हणं, ह्ये तेल न्हाई, ताक हाय,” असे म्हणून त्यांनी बोल्टच्या टोकाचे चुंबक बोटाने पुसले. बोटावर करड्या रंगाचा बारीक लेप आला. तुकडा मात्र एकही नव्हता आणि त्यावरूनच त्यांनी आतल्या गिअरचे दात शाबूत असतील, बेअरिंग गेली असतील, असा अंदाज बांधला. पुढे तो खरा ठरला.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्या गाडीत मागची दोन्ही चाके कायम एकत्रच फिरतात, त्यामुळे वळणावर चाकांना वेगवेगळी गती देणारे डिफरन्शियल तिच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे त्या पेटीत, नाहीच. आत फक्त क्राऊन आणि पिनियन, म्हणजे एकमेकांत अडकणारे मोठे आणि लहान दातेरी चक्र, आहे. तरीही सगळे त्याला डिफरन्शियलच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. या गाडीची मागची ब्रेक डिस्क चाकांवर नसून पिनियनच्या दांड्यावर, हाउसिंगच्या अगदी तोंडाशी बसवलेली आहे. दांडा चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरत असल्याने लहान डिस्कवरही काम भागते. पण ब्रेकचा सगळा जोर क्राऊन-पिनियनमधूनच चाकांपर्यंत जातो आणि पिनियनचे ऑइल सील (दांड्याभोवती तेल अडवणारे रबरी कडे) गळू लागले की तेल थेट डिस्कवर उडते.

आमचे नेमके हेच झाले होते आणि त्याचे मूळ एका बोटभर रबरी नळीत निघाले. डिफरन्शियल चालून तापले की आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला हाउसिंगच्या माथ्यावर श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, दिलेली असते. आमची नळी जांभ्याच्या लाल चिखलाने पूर्ण बुजली होती. कोंडलेल्या हवेने तेल सीलमधून बाहेर ढकलले आणि ते पॅडवर गेले. मग तीच तापलेली गाडी ओढ्याच्या गार पाण्यात उतरली, की आतली हवा आकसून त्याच सीलमधून पाणी आत ओढत असे. पाण्याने बेअरिंग खाल्ली, बेअरिंग ढिली झाल्यावर पिनियन हलू लागला आणि ‘खट्’ आवाज सुरू झाला. तेल प्यायलेले पॅड कितीही घासले, पेट्रोलने धुतले, तरी पुन्हा पकड देत नाहीत. ते फेकूनच द्यावे लागतात. पण सील न बदलता नवे पॅड घालणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखेच होते आणि आम्ही त्या बादलीचे पैसे दोनदा भरले होते.

उघडल्यानंतरचे काम मी दोन दिवस समोर बसून पाहिले. जुन्या बेअरिंगच्या कडेवर ६००७ हा आकडा कोरलेला होता. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे ३५ मिलिमीटर, हे मिस्त्रींनी तेथल्या शिकाऊ मुलाला माझ्यासमोर समजावले. बेअरिंगचे माप जगभर एकच असल्यामुळे ती साताऱ्यातच मिळाली. कंपनीच्या डब्यातल्या बेअरिंगची वाट पाहावी लागली नाही. क्राऊन-पिनियन ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते, त्यामुळे एकच बदलता येत नाही. आमच्या जोडीच्या दातांवर बारीक खड्डे होते, पण दात चालण्याजोगे होते. नवी जोडी माझ्या गळ्यात मारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. नव्या बेअरिंग बसवल्यावर पिनियन धरून क्राऊनच्या दाताला डायल गेज टेकवले, दातांमधला मोकळा प्ले मोजला, एक शिम (अंतर जुळवणारी पत्र्याची चकती) काढून दुसरी पातळ घातली आणि पुन्हा मोजला. मग दातांना निळा रंग लावून क्राऊन हाताने फिरवली आणि रंग दाताच्या मध्यावर पुसला गेल्याची खात्री झाल्यावरच हाउसिंग बंद केले. जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरले. नवी ब्रीदर नळी लांब घेऊन सीटखाली उंचावर बांधली, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. त्या नळीची किंमत बिलात सर्वांत कमी होती.

ब्रेकमध्ये कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना चिखलाने जाम झाल्या होत्या, त्यामुळे एक पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि दुसरा जाड राहिला होता. डिस्क मायक्रोमीटरने मोजली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती अजून जाड असल्याने तीच ठेवली. ब्रेक ऑइल काळपट झाले होते. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा धरलेल्यासाठी प्रमाण १५५ अंशांचेच आहे. तापून ते उकळले की ब्रेक लागत नाही, म्हणून लांब उतारावर ब्रेक दाबून गाडी उतरवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आता तक्रारी. तीन दिवसांत देतो म्हणून सांगितलेली गाडी नवव्या दिवशी मिळाली, कारण पुण्याहून मागवलेले सील चुकीच्या मापाचे आले आणि ते मला मी फोन केल्यावरच कळले. खर्चाचा अंदाज तोंडीच दिला; जॉब कार्ड, म्हणजे कामाची लेखी नोंद, हा प्रकार तेथे नाही. शिवाय गाडी ताब्यात घेताना मागच्या ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबत होते. “चालवल्यावर बसंल,” असे एका मुलाने सांगितले, ते मी ऐकून घेतले नाही. असे पेडल ब्रेक ऑइलमध्ये हवा अडकल्याने होते आणि ती हवा वापराने निघत नसते. मिस्त्री आले, त्यांनी कॅलिपर सोडवून हवा काढण्याची निपल सर्वांत वर येईल असा तिरका धरला आणि दोन-चार बुडबुड्यांनंतर पेडल कडक झाले. चूक त्यांची होती, पण त्यांनी वाद घातला नाही आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

एकूण बिल २१,१५० रुपये झाले: बेअरिंग आणि सीलचे ९,२००, पॅड व कॅलिपर किटचे ४,३००, तेलांचे १,१५० आणि मजुरी ६,५००. काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत दिले. दहा तास चालवून झाल्यावर डिफरन्शियलचे तेल आम्ही घरीच बदलले, ते स्वच्छ तपकिरी निघाले. चार महिन्यांनंतर आज पॅड कोरडे आहेत आणि आवाज पुन्हा आलेला नाही.

पुढचे पॅड मे महिन्यात बदलावे लागतील, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. त्या कामासाठी गाडी याच वर्कशॉपमध्ये नेणार आहे. फक्त कामाची यादी, ठरलेली रक्कम आणि तारीख एका कागदावर मी घरूनच लिहून नेईन आणि त्याखाली त्यांची सही घेईन.