सात इंची टॅब आणि ६४ जीबीची थाप

स्वस्तातला सात इंची टॅब ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. भाचीच्या अभ्यासासाठी आम्ही असाच एक घेतला. खोक्यावर ठसठशीत छापलेलं: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. सेटिंगमध्येही तेच आकडे, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नव्हतं.

वापरायला घेतला आणि डोक्याला ताप झाला. कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन गायब. 'क' दाबावा तर शेजारचंच अक्षर उमटायचं. चार्जर लावला की टच पिसाळायचा. बोट एकीकडे, उघडायचं भलतंच. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "चार्जिंगला लावून वापरू नका ना!" शाळेचं ॲप प्ले स्टोअरवरून उतरेचना. एवढ्या पैशात आणखी काय मिळणार, असं घरचेही म्हणायला लागले.

खरी गोम कळली ती शाळेच्या तासांचे व्हिडिओ भरताना. निम्म्याहून जास्त जागा मोकळी दाखवत होता, तरी आधी भरलेल्या व्हिडिओंची नुसती नावं उरली, एकही चालेना. आत मेमरी होतीच कुठे तेवढी! सेटिंगमध्ये दिसणारे आकडे, अगदी अँड्रॉइडची आवृत्तीसुद्धा, कारखान्यातच हवी तशी लिहून ठेवता येते.

परत न्यायला आलेल्या मुलाने टॅब सुरू केला, काच शाबूत आहे का पाहिलं आणि 'दोष नाही' असा शेरा मारून गेला. त्याच्या यादीत तेवढंच होतं.

'स्लो चालतो', 'टच नीट नाही' अशा तक्रारींना कुणी दाद देत नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिथून टॅब मागवला त्या वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे एकच मुद्दा लावून धरला: छापलंय ६४ जीबी, दिलंय कमी. सोबत खोक्याचा फोटो आणि न चालणाऱ्या फायलींचा व्हिडिओ. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. आमचे पैसे रखडत का होईना, पण मिळाले.

तुम्ही घेतलाच असेल तर परतीची मुदत आहे तोवर मोठाले व्हिडिओ भरून टॅब गच्च करा आणि पहिला भरलेला व्हिडिओ चालवून पाहा. मागच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. खोकं मात्र फेकू नका.