काळ्या मातीतली हाडे: कोरडी चाळण की पाण्यावरची?

बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या उत्खननात प्राण्यांच्या हाडांचे काम ज्याच्याकडे येते, त्याला माती कोरडीच चाळायची की पाण्यात भिजवून जाळीवर धुऊन काढायची हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे लागते. खानापूरकडच्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकतच नाहीत, त्यामुळे तिकडे हा वाद फारसा उद्भवत नाही. गोकाक-सौंदत्तीकडच्या चुनखडी मिसळलेल्या काळ्या मातीत ती बरी टिकतात आणि पंचाईत तिथेच होते.

कोरड्या चाळणीची सोय मी नाकारत नाही. तिला पाणी लागत नाही, नोंदी चराच्या काठावरच होतात, आणि कोलॅजन (हाडातले प्रथिन) किंवा डीएनए तपासणीसाठी राखायचे नमुने न धुता बाजूला काढता येतात. घटप्रभेकाठच्या एका कामावर आम्ही सकाळच्या पाळीत पाच मिलिमीटरच्या जाळीवर चाळीसएक बुट्ट्या माती सहज काढत असू. पाण्यावर तेवढ्याच माणसांकडून पंधरा निघाल्या तरी समाधान मानावे लागे.

तरीही माझे मत फिरले ते ढेकळांमुळे. वाळलेली काळी माती जाळीतून गळत नाही, ती हाताने चुरावी लागते. चाळणीवरच्या मावशी एकदा म्हणाल्या, "सर, ढेकळासंगं हाडबी फुटालंय." त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर शेळी-मेंढीच्या पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाचे तीन तुकडे समोर आले; बाकीचा पृष्ठभाग तपकिरी आणि मोडलेल्या कडा खडूसारख्या पांढऱ्या, म्हणजे मोड ताजी, आमचीच होती. तुकडे जुळवता आले नसते, तर एक हाड मोजणीत तीनदा धरले गेले असते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे खालच्या सांध्याचा जो भाग पाहून शेळी की मेंढी हे सांगता येते, नेमका तोच चुरा झाला होता. शेळी आणि मेंढीची हाडे वेगळी ओळखण्याचे बोसनेक आणि सहकाऱ्यांनी 1964 साली मांडलेले निकष हाताशी असूनही नोंदवहीत "शेळी/मेंढी" एवढेच लिहावे लागले.

पाण्यावर हेच ढेकूळ रात्रभर टबात भिजवले, चिमूटभर खायचा सोडा टाकला, की सकाळी ते आपोआप सुटते आणि दोन मिलिमीटरच्या जाळीवर माशांचे मणके, उंदरांचे जबडे, कोकरांचे सुटे दातही उरतात. नुसत्या हातवेचणीत लहान जनावरे कशी निसटतात आणि गाईबैलांचे प्रमाण कसे फुगते, हे उत्खननातल्या हाडांचे अभ्यासक सेबॅस्टियन पेन यांनी 1972 मध्येच दाखवून दिले होते. मोठ्या जाळीलाही तो आक्षेप काही अंशी लागू पडतो, असे मला वाटते.

पाण्याचे उपद्रव अर्थातच आहेत. जळालेले हाड भिजल्यावर कधी कधी विरघळल्यासारखे सुटते, आणि ओले हाड उन्हात वाळवले तर उभे तडकते. सावलीत पोत्यावर पसरून दोन-तीन दिवस थांबण्याची तयारी हवी. विहिरीचा पंप शेतकऱ्याच्या पाळीवर अवलंबून असतो, हेही खरे. आपली माती तांबडी आणि भुसभुशीत असेल, किंवा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा असेल, तर कोरडी चाळण वापरण्यात मला गैर वाटत नाही.

काळ्या मातीत मात्र मी आता जळकी हाडे आणि तपासणीचे नमुने चरातच वेचून कोरडे ठेवतो आणि उरलेली माती टबात टाकतो. लेबल पेन्सिलीने लिहून छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून टबाला बांधावे. शाईचे लेबल सकाळपर्यंत कोरे होते, आणि त्यापायी एका अख्ख्या थराची हाडे आम्हाला बिनपत्त्याची म्हणून बाजूला ठेवावी लागली.