टक्स पेंट, आमच्या पाळणाघरातल्या तीन कॉम्प्युटरांवर

आमच्या पाळणाघरात कॉम्प्युटर तीन आणि तिघांच्या तीन तऱ्हा. भाच्याने लिनक्स (विंडोजच्या जागी घालायची फुकट प्रणाली) घालून जिवंत ठेवलेला एक जुना डबा, विंडोजचा लॅपटॉप, आणि एका आईने "घरी पडूनच आहे" म्हणून दिलेला मॅक. आधी पैसे मोजून मुलांचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, नाव नको. ते फक्त विंडोजवर चालायचं, त्यामुळे लॅपटॉपपुढे रोज रेशनची रांग आणि रडारड.

मग टक्स पेंट आणलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. बिल केंड्रिक यांनी २००२ साली लहान मुलांसाठी सुरू केलेलं हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर तिन्हींवर चालतं, अँड्रॉइडवरही. भाचा म्हणाला, "मावशी, हे बटणं स्वतःच रंगवतं, विंडोजची किंवा मॅकची उसनी घेत नाही, म्हणून सगळीकडे सारखंच दिसतं." म्हणजे काय ते चार वर्षांच्या एका पोरीने दाखवलं. मॅकवरून उठून ती डब्यासमोर बसली आणि काही न विचारता डावीकडचा ब्रश घेतला. तक्रार एकच, पडद्यावरच्या टक्स पेंग्विनबद्दल: "हा पेंग्विन बोलत नाही." डब्याचा स्पीकर गेलाय.

सेव्ह करताना हे नाव विचारत नाही, हे मला फार आवडलं. अक्षरओळख नसलेलं मूल फाइलला नाव काय देणार? उघडताना चित्रांचे छोटे नमुने दिसतात, आपलं ओळखायचं. मात्र पालकांना चित्रं पाठवायची म्हणून मी फोल्डर शोधायला गेले. लिनक्सवर टिंबाने सुरू होणारं लपलेलं, विंडोजवर अ‍ॅपडेटात, मॅकवर लायब्ररीत. अर्धी दुपार गेली. नंतर कळलं, उघडायच्या पडद्यावरच एक्सपोर्टचं, म्हणजे चित्र बाहेर काढून द्यायचं, बटण आहे!

शिक्क्यांची, म्हणजे क्लिक करून कागदावर उमटवायची तयार, चित्रं कॉम्प्युटरवर वेगळी घालावी लागतात, ते विसरू नका. शिक्क्यांशिवाय पोरं नाराज होतात.

मोठ्यांसाठी सेटिंगचा वेगळा प्रोग्राम आहे आणि खरी हुशारी तिथे दिसते. एरवी माऊसचं डावंच बटण चालतं, मुलांना चुकीची सवय लागू नये म्हणून. पण आमची धाकटी मंडळी लाडू धरावा तसा अख्ख्या पंजात माऊस धरतात, त्यांना कसलं डावं-उजवं! सगळी बटणं सारखीच चालावीत अशी सोय तिथे आहे. बाहेर पडायचं बटणही बंद करता येतं.

एका प्रिंटनंतर दुसरी काढायला किती सेकंद थांबायचं, तेही ठरवता येतं. शाईचा खर्च बघून मी ३०० ठेवले. दोन दिवस शांतता होती. आता एक पठ्ठ्या लॅपटॉपवर इंद्रधनुष्य छापून झालं की धावत मॅकवर जातो, तिथून डब्यावर.