पहिले शस्त्र, मोजके पैसे: पंप शॉटगन, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर की कार्बाइन?

घराच्या संरक्षणासाठी पहिल्यांदाच शस्त्र घेणारा माणूस बहुधा किमतीच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करतो आणि तिथेच त्याचा हिशेब चुकतो. शस्त्राबरोबर कुलपाची मजबूत पेटी लागते, सरावासाठी काडतुसे लागतात, कानांवर लावायचे संरक्षक लागतात, चांगली विजेरी लागते आणि जाणत्या प्रशिक्षकापुढे घालवलेले काही तास लागतात. यांपैकी एकही गोष्ट ऐच्छिक नाही. म्हणून हाती असलेल्या रकमेपैकी निम्म्याहून थोडे अधिक शस्त्रावर खर्च करावे आणि उरलेले आधीच बाजूला काढून ठेवावे, असा माझा ठोकताळा आहे. आपल्या राहत्या ठिकाणचा कायदा कोणत्या प्रकाराला परवानगी देतो, परवाना कसा मिळतो आणि शस्त्र घरात कसे ठेवावे लागते, हे मात्र सर्वांत आधी पाहावे, कारण अनेकदा निवड तिथेच निम्मी होऊन जाते.

स्वस्तात काय मिळेल, या प्रश्नाला सर्वाधिक वेळा मिळणारे उत्तर म्हणजे पंप शॉटगन (नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून दर वेळी नवे काडतूस चढवायची छर्ऱ्यांची बंदूक), आणि ते निराधार नाही. रेमिंग्टन ८७० हे मॉडेल १९५० पासूनचे आहे, मॉसबर्ग ५०० त्यानंतर दशकभराने आले आणि मॉसबर्गचेच मॅव्हरिक ८८ त्याहून स्वस्त पडते. इतकी वर्षे आणि इतक्या मोठ्या संख्येने ही शस्त्रे तयार झाल्यामुळे वापरलेली मिळतात, सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणारा कारागीरही सापडतो. ‘बारा बोर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्यास त्यांतील एका गोळीचा जो व्यास येईल तेवढी नळी, साधारण १८.५ मिलिमीटरची. तिच्या संरक्षणासाठीच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ८.४ मिलिमीटरचे आठ किंवा नऊ मोठे छर्रे असतात. परिणामाच्या दृष्टीने या किमतीत तिची बरोबरी करणारे दुसरे शस्त्र नाही.

अडचण आहे ती तिच्याभोवतीच्या दंतकथांची. ‘शॉटगनला नेम धरावा लागत नाही, रोख त्या दिशेला धरला की झाले’ असे सांगणाऱ्याला चार-पाच मीटरवरचा कागद दाखवावा. त्या अंतरावर छर्रे खोलीभर पसरत नाहीत. सगळी भोके तळहाताखाली झाकता येतील एवढ्या जागेत पडतात. खोलीच्या अंतरावर नेम चुकला तर जवळजवळ सगळेच छर्रे चुकतात, आणि चुकलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जाऊन लागतोच. दुसरी दंतकथा पंप मागेपुढे केल्याच्या आवाजाने चोर पळून जाण्याची. पळाला तर उत्तमच, पण त्या भरवशावर शस्त्र निवडता येत नाही.

नवशिक्याची खरी परीक्षा पंप ओढताना होते. पहिला बार होतो, खांद्याला दणका बसतो, आणि बिचकलेला हात पुढचा दांडा पुरता मागे न नेता अर्ध्यावरूनच पुढे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर चढत नाही. चाप ओढला तर नुसती ‘टक’, नाहीतर यंत्रणाच अडकून बसते. नेमबाजीच्या शांत मैदानात ही चूक हसण्यावारी नेता येते, पण अंधारात ती निस्तरायला सवय लागते, आणि सवय म्हणजे शेकडो काडतुसे. बारीक छर्ऱ्यांची स्वस्त काडतुसे पंपाचा सराव करायला चालतात, परंतु बारा बोरचा धक्का असा असतो की सडपातळ बांध्याचा माणूस दोन डझन बारांनंतर स्वतःहून थांबतो. त्यासाठी वीस बोर हा समंजस पर्याय आहे: नळी सुमारे १५.६ मिलिमीटरची, धक्का कमी आणि खोलीच्या अंतरावर परिणाम पुरेसा. घेताना दस्त्याची लांबी हाताला जुळते की नाही ते पाहावे. डावखुऱ्या माणसाला मॉसबर्ग ५०० ची सुरक्षा-कळ सोयीची पडते, कारण ती वरच्या बाजूला मागे, अंगठ्याखाली असते. रेमिंग्टनची कळ चापाच्या कड्यात आडवी बसवलेली असते.

पिस्तुलाचे गणित याच्या अगदी उलटे आहे. ९ मिलिमीटरचे काडतूस विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेले असून आज पिस्तुलाच्या काडतुसांत ते सर्वांत सहज मिळते आणि साधारणपणे स्वस्तही पडते. शस्त्र शॉटगनहून महाग, पण सराव परवडणारा. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात १५ ते १७ काडतुसे मावतात, ते लहान पेटीत बसते आणि एका हाताने धरता येते, म्हणजे दुसरा हात दार उघडायला, फोन लावायला किंवा मुलाचा दंड पकडायला मोकळा राहतो. घरासाठी खिशात मावणारे चिमुकले पिस्तूल घेण्याची चूक फार जण करतात. ते वाहून न्यायला सोपे, चालवायला कठीण.

कठीण तर पूर्ण आकाराचेही आहेच. दस्ता खांद्याला टेकत नाही, नळी वीतभरही नसते, आणि मनगटाची किंचित चूक गोळीला दूर नेते. खऱ्या काडतुसांमध्ये न सांगता एक नकली काडतूस मिसळून शिकणाऱ्याच्या हाती पिस्तूल द्यावे. नकलीची पाळी आली की बार होत नाही, पण धक्क्याच्या धास्तीने नळीचे तोंड मात्र खाली डुबकी घेते, आणि आपल्या गोळ्या खाली का लागतात हे त्याचे त्यालाच दिसते. ही धास्ती सरावानेच जाते. जो सराव करणारच नाही, त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये.

रिव्हॉल्व्हरची शिफारस ‘साधे आणि बिनचूक’ म्हणून केली जाते. त्यात तथ्य एवढेच की मॅगझिन (काडतुसांची सुटी पेटी) नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची नाही, आणि बार फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढला की चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. पण घोडा आधी न चढवता चाप ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, तर आजच्या साध्या पिस्तुलाला अडीच किलोच्या आसपास. गंमत अशी की हातात जोर नाही म्हणून ज्यांना रिव्हॉल्व्हर सुचवले जाते, त्यांनाच हा चाप सर्वांत जड जातो. शिवाय पाच-सहाच काडतुसे, आणि चांगले रिव्हॉल्व्हर आता पिस्तुलाहून स्वस्त राहिलेले नाही. तरीही ज्याला स्लाइड ओढताच येत नाही पण बोटात ताकद आहे, त्याने चार इंची नळीचे, .३८ स्पेशल काडतूस चालवणारे रिव्हॉल्व्हर पाहावे. त्याहून जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसासाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, उलटे मात्र चालत नाही. आणि बंद खोलीत मॅग्नमचा बार कानांना असह्य असतो.

पिस्तुलाचीच काडतुसे चालवणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, नेमाच्या बाबतीत सर्वांना मागे टाकते: दस्ता खांद्याला, दोन्ही हात शस्त्रावर, धक्का नगण्य. कायदा आणि खिसा दोन्ही परवानगी देत असतील तर नवशिक्याला ती सर्वांत लवकर जमते. मोजक्या रकमेत मात्र ती आणि तिची पेटी यांचा मेळ बसत नाही. .२२ बोरची बारीक काडतुसे चालवणारी रायफल सराव करायला उत्तम. तिच्या काडतुसांत फुसके बार अधिक निघतात, म्हणून तिच्यावर विसंबणे नाइलाजाचेच.

भिंतींविषयी एक भ्रम दूर करायला हवा. हल्लेखोराला रोखण्याइतकी आत शिरणारी कोणतीही गोळी किंवा मोठा छर्रा जिप्समच्या पातळ भिंतीतून आरपार जातो. बारीक छर्रे तुलनेने लवकर थांबतात, पण ते माणसालाही खात्रीने थांबवत नाहीत. तेव्हा ‘भिंतीत थांबणारे शस्त्र’ शोधत बसण्यापेक्षा घरातली माणसे कुठे झोपतात आणि कोणत्या दिशेला बार करायचाच नाही, हे दिवसाउजेडी ठरवून घ्यावे. समोर कोण आहे हे ओळखायला विजेरी वेगळी, हातातली हवी. शस्त्रावर बसवलेल्या दिव्याने घर धुंडाळणे म्हणजे उजेड पडेल त्या प्रत्येकावर नळी रोखणे, मग तो पाणी प्यायला उठलेला मुलगा का असेना.

साठवणीत पिस्तूल उघडपणे सरस ठरते. बिछान्याजवळ भिंतीला किंवा फर्निचरला बोल्टने आवळलेली, अंधारात बोटांनी उघडता येणारी छोटी पेटी त्याला पुरते. शॉटगनला उभे कपाट लागते आणि ते चटकन उघडता येईल असे हवे असेल तर खर्च वाढतो. बहुतेक पंप शॉटगन खाली पडल्यास बार होण्याचा धोका असतो, म्हणून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा काडतुसाचा कप्पा) रिकामे ठेवूनच त्या कपाटात ठेवाव्यात. घरात मुले असतील तर उंच फळी किंवा गादीखालची जागा ही साठवण नव्हेच. आणि घरातील कोणी तीव्र नैराश्यातून जात असेल, तर या तुलनेतील कोणतेही शस्त्र सध्या घरात आणू नये. घरातील बंदुकीमुळे आत्महत्येचा धोका वाढतो हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते पैसे दारांच्या कड्या-कुलपांवर आणि बाहेरच्या दिव्यांवर खर्च करावेत.

महिन्यातून एकदा तरी मैदानावर जाणे ज्याला शक्य आहे, त्याने पूर्ण आकाराचे, वापरलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल घ्यावे, असे माझे मत आहे. ज्याची रक्कम तेवढी पुरत नाही, ज्याला एका खोलीत थांबून दाराकडे तोंड करून मदतीची वाट पाहायची आहे आणि ज्याच्याकडे कपाट आहे, त्याने वीस बोरची पंप शॉटगन घ्यावी.

वापरलेले घेताना पोलिसांकडून बाहेर पडलेली पिस्तुले आवर्जून पाहावीत. कमरेच्या म्यानात घासून त्यांचा वरचा रंग गेलेला असतो, पण त्यांतून बार तुलनेने थोडेच झालेले असतात. नळी आतून स्वच्छ असेल तर ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे आणि मॅगझिनमधील स्प्रिंगा नव्या घालाव्यात. पंप शॉटगन नकली काडतुसांनी भरून दहा वेळा पूर्ण ओढून पाहावी. प्रत्येक काडतूस न अडखळता बाहेर पडले पाहिजे. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा सावकाश चढवावा, आणि तो पूर्ण मागे गेल्यावरही चक्र जागेवर घट्ट बसत नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी ते परत करावे.