१२५ सीसी, १३ हजार किलोमीटर : पहिली गाडी घेताना आधी डबल स्टँड बघा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री पावणेआठला, इंदूरजवळच्या राऊच्या अलीकडे माझ्या गाडीची चेन उतरली. चौथा गिअर टाकला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी पुढे जाईना. मागून ट्रेलर, वरून भुरभुर पाऊस. ढकलत कडेला आणली. चेन परत दातांवर बसवायची तर मागचं चाक फिरवावं लागतं, म्हणजे ते जमिनीपासून उचललेलं हवं. माझ्या गाडीला डबल स्टँडच नव्हतं. शेवटी ढाब्यावरच्या दोन मुलांनी मागून गाडी उचलून धरली आणि मी मोबाइलच्या उजेडात चेन चढवली. घरी पोचेपर्यंत हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि आई दारातच उभी होती.

त्या रात्रीपर्यंत मी ही गाडी सगळ्यांना घ्यायला सांगत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी इंदूरच्या सुदामानगरात राहते, नोकरी पीथमपूरला. एकेरी २७ किलोमीटर. आधी शेअरिंगच्या व्हॅनने जायचे. महिन्याचे ३,२०० रुपये, शिवाय फूटी कोठीला रोज वीस-पंचवीस मिनिटं उभं राहणं. डिसेंबर २०२४ मध्ये गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा बजेट होतं ऑनरोड १ लाख १० हजार, त्याच्या वर एक पैसा नाही. १०० सीसीची गाडी मामाकडे होती, ती आठवडाभर चालवून पाहिली. शहरात फारच छान. पण राऊच्या पुढे, आयआयएमच्या बाजूने पीथमपूरच्या रस्त्याला लागलं की ६५ ला हँडल आणि फुटरेस्ट झिणझिणायला लागायचे, आणि ट्रक शेजारून गेला की त्याला मागे टाकण्याइतका दम उरायचा नाही. १६० सीसी सव्वा लाखाच्या पुढे गेली. उरली १२५. पाच गिअर, पुढे डिस्क, ट्यूबलेस टायर. दिसायलाही ऐटबाज. डबल स्टँडचा विचार माझ्या मनात आलाच नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, आजकल सब साइड स्टँड ही लगाते हैं, और लेडीज़ से डबल लगता भी नहीं." मी ते ऐकून घेतलं, याचा मला अजून राग येतो.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे. ५५ ते ६० च्या वेगाला टाकी-ते-टाकी मोजून ५६ चं ॲव्हरेज मिळतं, ७५ ने पळवली तर ५० च्या खाली येतं. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल आहे आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा जाहिरातीतला आकडा मिळणार नाही हे धरूनच चाला. २०२५ मध्ये इंदूरला पेट्रोल १०६ च्या आसपास होतं. म्हणजे रोजचे शंभर-एकशेपाच रुपये, महिन्याचे अडीच-पावणेतीन हजार. व्हॅनपेक्षा स्वस्त, आणि संध्याकाळी मी माझ्या वेळेला निघते. सीट ५४ किलोमीटरला त्रास देत नाही. सेल्फ थंडीतही एका दमात घेते.

आता चेन. हायवेवर रोज ५४ किलोमीटर म्हणजे दहा दिवसांत पाचशेच्या वर. पुस्तिकेत लिहिलंय की दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल द्या, पावसात त्याहून लवकर. म्हणजे महिन्यातून तीनदा. शहरात दिवसाला दहा किलोमीटर फिरणाऱ्याला हेच काम पन्नास दिवसांतून एकदा येतं, त्यामुळे त्याला डबल स्टँड नसल्याचं जाणवतही नाही. रोज हायवे करणाऱ्याचं मात्र सगळं तिथेच अडतं. साइड स्टँडवर गाडी उभी करून जेवढी चेन दिसते तेवढी पुसायची, मग गाडी दोन हात पुढे ढकलायची, परत स्टँड, परत पुसायची. दोन वेळा केलं, मग माझ्याच्याने होईना. पीथमपूरच्या रस्त्यावर पावसाळ्यात ट्रकच्या चाकांनी उडवलेली काळी माती त्या उघड्या चेनवर बसते आणि वाळली की खरकागदासारखं काम करते.

साइड स्टँडचा दुसरा ताप जुलैत कळला. कारखान्याच्या मागच्या कच्च्या पार्किंगमध्ये पाऊस झाल्यावर स्टँड काळ्या मातीत रुतला, गाडी आडवी झाली आणि क्लचचा लिव्हर वाकला. इंजिन ऑइलची पातळीसुद्धा गाडी सरळ उभी असल्याशिवाय बरोबर कळत नाही, म्हणजे दर वेळी कुणाला तरी धरायला बोलवा.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव सांगते. जूनच्या सर्व्हिसला चेन वाजते म्हणून तक्रार लिहून दिली. त्यांनी ताणून दिली, आवाज गेला, मी खूश. दोन महिन्यांनी वर लिहिलेला प्रसंग. दुसऱ्या दिवशी नेली तर सांगितलं चेन सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) गेला, १,९०० रुपये, वॉरंटीत बसत नाही, घासणारी वस्तू आहे. साडेअकरा हजार किलोमीटरला! मी म्हटलं, तुम्हीच ताणली होती. जॉबकार्डवर फक्त "चेन ॲडजस्ट" लिहिलेलं, किती मिलिमीटर ते नाही. तीन खेपा झाल्या, एक ईमेल, काहीही मिळालं नाही.

अन्नपूर्णा रोडवरच्या जुन्या गॅरेजवाल्याने जुनी चेन हातात घेऊन मला दाखवली. एक कडी मोकळी वळत होती, तिच्या चार कड्या पुढची गंजून अडकली होती. "दीदी, ये सूखी चली है, और ऊपर से टाइट." मग त्यांनी आईला मागे बसवलं आणि मला चेनला बोट लावायला सांगितलं. माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर थोडं वाढतं आणि चेन ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीवर तिला झोल लागतोच, माझ्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटर. तो ठेवला नाही तर चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग तिघंही मार खातात. आणि झोल एका जागी मोजून भागत नाही, चाक फिरवत चार जागी बघावा लागतो, जिथे सगळ्यात कमी भरेल तोच खरा. हे डबल स्टँडशिवाय कोण करणार?

त्यांनीच माझ्या मॉडेलचं डबल स्टँड मागवून दिलं. मजुरीसकट ८५० रुपये. आणि हो, मला ते लावता येतं. हाताने उचलायचंच नाही. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत ते बुटाने खाली दाबायचं, मग सगळं अंग आपल्या त्या एका पायावर टाकायचं, गाडी आपोआप मागे सरकून वर चढते. तिसऱ्या दिवशी जमलं. आता दर रविवारी जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल, फडकं आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल. पंधरा मिनिटांत काम होतं.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललं आहे. आधी मी म्हणत होते १२५ सगळ्यांना पुरते. मी गाडी घेतली तेव्हा १२५ पर्यंत कायद्याने सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) चालत होतं, त्याच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं) सक्तीचं आहे. जुलैत ओल्या रस्त्यावर पुढचा ट्रक अचानक थांबला तेव्हा माझं पुढचं चाक क्षणभर घसरलं, आणि त्या दिवसापासून वाटतं की पगार थोडा बरा असता तर मी एबीएसवाली घेतली असती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. माझ्यासारख्या गाडीवर सातेक हजार वाचतात. मला ते मिळाले नाहीत, तुम्हाला मिळतील. ते स्टिकर आणि क्रॅश गार्डवर घालवू नका. त्यात चांगलं हेल्मेट आणि डबल स्टँड दोन्ही बसतं. हेल्मेटशिवाय इथे १ ऑगस्ट २०२५ पासून पंपावर पेट्रोल नाकारायला लागले होते. हेल्मेट घ्यायचंच आहे, तर आयएसआयचं आणि मापाचं घ्या.

नव्या चेनचे काल १,४०० किलोमीटर झाले. रात्री अंगणात गाडी स्टँडवर घेतली आणि पट्टी लावून चार जागी झोल मोजला : २८, २७, २८, २८.