महागडा बेबी स्विंग घ्यावा का? काही महिने रोज वापरल्यानंतरचं मत

पंधरा-वीस हजारांचा इलेक्ट्रिक स्विंग, म्हणजे मोटरवर आपोआप झुलणारी बाळाची सीट, नवाकोरा घेण्याची बहुतेक घरांना गरज नाही. भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या, नात्यात कोणाचा माळ्यावर पडून असेल तर तो तपासून आणा. नवाच घ्यायचा असेल तर पैसे मोटर आणि पट्ट्यांसाठी मोजा. ब्लूटूथ, बारा गाणी, रिमोट, मोबाइल अ‍ॅप यांच्यासाठी चार-पाच हजार जास्त देऊ नका. पहिल्या आठवड्यानंतर या सोयींना कोणी हातही लावत नाही.

खोक्यावर 9 किलो, कधी 11 किलोची मर्यादा छापलेली असते. ती वाचून वर्षभर चालेल असं वाटतं, पण वजनाची मर्यादा गाठण्याआधीच वापर संपतो. साधारण पाच-सहा महिन्यांचं बाळ पोट आवळून पुढे उठायला लागतं, कडेला वाकून जमिनीवरचं खेळणं पकडायला बघतं. त्या दिवसापासून स्विंग बंद, मग वजन सहा किलो का असेना. सुरुवातीचा एखादा महिना मान अगदीच लुळी असते, तेव्हा वापर जेमतेम. म्हणजे खरा उपयोग चारेक महिन्यांचा. अठरा हजार भागिले चार, महिन्याला साडेचार हजार पडतात. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे: 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर रोज दोन तास पूर्ण ताकदीने चालला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्विंग ही झोपवण्याची जागा नाही. सीट तिरकी असते, तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कमजोर. झोप लागली की हनुवटी छातीवर टेकते, मऊ श्वासनलिका दुमडते आणि आवाजही न होता श्वास अडतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या, 10 अंशांपेक्षा जास्त उताराच्या साधनांवर बंदी आली. स्विंगची सीट त्याहून बरीच उभी असते. ऑक्टोबर 2024 मध्ये फिशर-प्राइस कंपनीच्या स्नुगा मालिकेतल्या वीस लाखांहून अधिक स्विंगसाठी तिथे रिकॉल, म्हणजे धोका आढळल्यामुळे विकलेला माल मागे घेण्याची सूचना, जाहीर झाला. 2012 ते 2022 या काळात पाच बाळं त्यात झोपेसाठी ठेवलेली असताना दगावली होती. बहुतेक प्रसंगी पट्टे बांधलेले नव्हते आणि आत जादा अंथरूण घातलेलं होतं. आपल्याकडे मानेखाली मोहरीची उशी, अंगाखाली घडी घातलेली गोधडी सहज सरकवली जाते, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. साडीच्या झोळीतही बाळ असंच दुमडतं, त्यामुळे स्विंगऐवजी झोळी हा उपाय नव्हे.

म्हणून तेल-आंघोळीनंतरची दोन-तीन तासांची गाढ झोप स्विंगमध्ये कधीच नाही. ती सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर. स्विंगमध्ये डोळा लागला तर लगेच उचलून गादीवर ठेवायचं. उठेल, रडेल, तरीही. टायमर वीस मिनिटांचा लावा आणि दिवसाला एकूण तासाभराच्या आत आवरा. नाहीतर डोक्याची मागची बाजू चपटी होते आणि पालथं पडून मान उचलायचा सराव राहून जातो.

मग उपयोग काय? जागं, पोट भरलेलं, पण किरकिरं बाळ. संध्याकाळी सहा ते आठच्या रडारडीत, घरात एकटंच माणूस आणि गॅसवर कुकर असताना ही वीस मिनिटं खरोखर मोलाची ठरतात. दूध पाजल्यावर मात्र ढेकर काढून किमान अर्धा तास थांबा, नाहीतर सगळं दूध बाहेर.

काही बाळांना हलणं आवडतच नाही. काहींना पुढे-मागे झोका नको, डावीकडे-उजवीकडे हवा असतो. हे आधी कळायला मार्ग नाही, आणि आठवडाभर भाड्याने आणून बघा असं सांगण्याचं हेच मुख्य कारण.

मोटरचे दोन प्रकार आहेत. स्वस्त मॉडेलमध्ये सीटखाली कॉइल आणि लोहचुंबक असतो. आवाज जवळजवळ नसतो, पण जोर कमी. पाच किलोच्या पुढे पहिल्या दोन वेगांवर सीट थरथरते, झोका घेत नाही. बाळ एका बाजूला कललं की झोका आणखी लहान होतो. गिअरवाली मोटर गुरगुरते, पण वजन ओढते. दुकानात रिकामा स्विंग चालवून काहीच कळत नाही. पाच किलो तांदळाची पिशवी सीटवर बांधा, सर्वात कमी वेग लावा आणि वीस मिनिटं बघा. झोका तेवढाच राहिला, टकटक आली नाही, मोटरचा डबा तापला नाही, तर ठीक.

अडॅप्टर हरवला तर पिन बसते म्हणून राउटरचा लावू नका. व्होल्टेज जास्त असलं तर आतला बोर्ड जळू शकतो. लाइट जाणाऱ्या भागात यूएसबीवर चालणारं मॉडेल सोयीचं, पण काही पॉवर बँक कमी करंट ओढला जातोय म्हणून आपोआप बंद होतात. तेही आधी लावून बघा.

कव्हर दर आठवड्याला धुवावं लागतंच. मालिशचं तेल डोक्याच्या जागी पिवळा, वास येणारा डाग पाडतं, आणि पॉलिस्टरमध्ये मे महिन्यात पाठ घामाने भिजते. पातळ सुती कापड पट्ट्यांच्या जागी भोकं पाडून, काठ शिवून, सीटला नाड्यांनी पक्कं बांधा. सुटं दुपटं अंथरू नका. खरी चूक कव्हर परत चढवताना होते: पायांमधला पट्टा सीटखालच्या प्लास्टिकच्या पट्टीतून न ओवता नुसता कापडातून वर काढला जातो. वरून अगदी बरोबर दिसतो. जोरात वर ओढा, कापड उचललं गेलं तर चुकलंय. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला की हा घोळ होत नाही.

पट्टे पाच टोकांचेच घ्या: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. खांद्यावरच्या पट्ट्याखाली एक बोट जाईल इतके घट्ट. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जातच नाही, म्हणजे दुपटं सोडूनच बसवायचं. गळ्यात काळा दोरा असेल तर आधी काढा. स्विंग दिवाणावर किंवा टेबलावर नाही, जमिनीवरच.

जुना घेताना मॉडेलचं नाव आणि रिकॉल एवढं गुगलवर टाका. ऑगस्ट 2022 मध्ये फोरमॉम्स कंपनीच्या सुमारे वीस लाख मामारू स्विंगचा रिकॉल झाला, कारण तीन टोकी पट्टे सीटखाली लोंबत आणि रांगतं मूल त्यात अडकत असे. दहा महिन्यांचं एक बाळ त्यात गेलं होतं. बाळ रांगायला लागलं की स्विंग घडी करून कपाटावर टाका किंवा लगेच विका. मूळ अडॅप्टर, सगळे पट्टे आणि खोकं सोबत असेल तर चांगला भाव येतो.